डोक्यातून उगवलेला खांब

भर दुपारी एखाद्या आंब्याच्या सावलीत उभं राहून जमिनीकडे पाहा. पानांमधल्या फटी कशाही असतात: एक तिकोनी, एक लांबट, एक दातेरी. त्यांतून खाली पडलेले कवडसे मात्र गोल. फटीचा आकार त्यांच्यात उतरतच नाही, कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र असतं. फट लहान आणि जमीन पुरेशी खाली असली की सूर्यबिंब जमिनीवर उमटतं, आणि झाडाखाली अशी शेकडो सूर्यबिंबं एकमेकांवर सांडलेली असतात. सूर्य डोक्यावर असेल आणि फट पाच मीटर उंचावर असेल, तर कवडसा साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद पडतो. सूर्य त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतरावर आहे. तेच प्रमाण फट आणि जमीन यांच्यातही उतरतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. जिथे आभाळ मोकळं होतं, तिथे झाडांखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. साधारण हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने अरुंद भोकातून पडणाऱ्या ग्रहणाच्या याच आकारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

चित्र तयार व्हायला कॅमेरासुद्धा लागत नाही, भोक पुरतं. भिंग जास्त उजेड गोळा करतं, सेन्सर तो धरून ठेवतो, एवढंच. चित्र घडण्यात माणसाचा काहीच हात नाही, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. माणूस येतो तो पुढे. कुठे उभं राहायचं, बटण कधी दाबायचं, आणि त्याआधी समोर काय काय आहे ते दिसायला हवं. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड, आणि हौशी छायाचित्रकारांनी एकमेकांचे फोटो पाहून बोलण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचं खरं मोल तिथेच आहे.

हौशी मंडळींच्या गटात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारा शेरा घ्या: ‘डोक्यातून खांब उगवलाय.’ भाचीचा सुंदर फोटो, चेहऱ्यावर हसू, डोळ्यांत चमक, आणि मागचा विजेचा खांब नेमका तिच्या टाळूतून वर निघालेला. फोटो काढताना तो दिसला कसा नाही? दिसला नाही हेच खरं, आणि त्याला कारण आहे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. दोघांना किंचित वेगळी दृश्यं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू खोली मोजतो. भाची दोन मीटरवर, खांब वीस मीटरवर. मेंदूच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा. त्याच्या सपाट पाटीवर भाची आणि खांब शेजारी शेजारी, एकाच कागदावर येतात. म्हणून बटण दाबण्याआधी एक डोळा मिटून पाहावं. खोली विरघळते, खांब पुढे सरकतो, आणि एक पाऊल डावीकडे सरकलं की सुटतो. इतका सोपा उपाय इतक्या थोड्यांना ठाऊक असतो याचं मला नवल वाटतं.

पण दोन डोळे हे अर्धंच कारण. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच भागात आपली नजर खरोखर तीक्ष्ण असते. बाकी सगळं धूसर, आणि कडेला तर रंगही पुसट. तरीही समोरचं जग सगळीकडे सारखंच स्पष्ट आहे अशी आपली खात्री असते, कारण डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत इकडून तिकडे फिरतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून अखंड चित्र रचतो. कुठे उडी मारायची हे ठरतं आपल्याला काय हवंय त्यावर. जे नको, तिथे नजर जातच नाही. गेली तरी मन त्याची दखल घेत नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवून चेंडूचे पास मोजायला सांगितलं. मध्येच गोरिलाच्या वेषातलं एक माणूस आलं, छाती बडवली आणि निघून गेलं. पास मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही. डोळे उघडे होते, पडद्यावर खिळलेले होते, तरीही. मग भाचीच्या हसण्यात गुंतलेल्या मामाला खांब दिसला नाही, तर त्याला बोल कसा लावायचा?

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. आषाढी वारीला ते दरवर्षी दिवे घाटात जातात. घाटाच्या वळणावर उंच जागा धरायची, पालखी येईपर्यंत तासन् तास बसायचं, आणि मग खालून वर चढत येणारी ती पताकांची न संपणारी रांग टिपायची. एकदा त्यांनी असाच एक फोटो मोठा छापून आणला. सगळे ‘वा!’ म्हणाले. नुकतीच गटात आलेली कॉलेजातली एक मुलगी तेवढी गप्प होती.

‘बोल की, संकोच कसला करतेस?’ सर म्हणाले.

‘सर, रागावू नका. पण उजव्या कोपऱ्यातली ती निळी ताडपत्री मला सारखी ओढतीये. पताकांकडे जातच नाहीये नजर.’

सरांनी चष्मा पुढे केला, फोटो जवळ धरला. ‘इथे ताडपत्री होती?’

चहाच्या टपरीवरची ताडपत्री होती ती. भगव्या, पांढऱ्या, मातकट रंगांच्या गर्दीत तेवढा एकच निळा. सरांच्या मनात त्या फोटोत टाळांचा आवाज होता, भिजलेल्या मातीचा वास होता, तासन् तास धरलेली जागा होती. मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्यापुढे फक्त कागद होता, आणि म्हणून कागदावर जे होतं तेवढंच तिला दिसलं, अगदी कॅमेऱ्याला दिसलं होतं तसंच.

मला या विषयात सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच. कॅमेऱ्याला आठवण नसते. त्याच्यासमोर पताका आणि ताडपत्री सारख्याच मोलाच्या. फोटो काढणारा आठवणींनी भरलेला असतो, त्यामुळे स्वतःच्याच फोटोत त्याला कागदावर नसलेलं बरंच दिसतं आणि असलेलं बरंच दिसत नाही. मित्राच्या डोळ्यालाही आपली आठवण नसते. जगातल्या कुठल्याही महागड्या भिंगापेक्षा हा उसना डोळा जास्त उपयोगाचा आहे, आणि तो फुकट मिळतो.

हा डोळा बिघडवणं मात्र फार सोपं आहे. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस याने १९६०च्या दशकात माणसाची नजर चित्रावरून कशी फिरते याच्या रेषा टिपून ठेवल्या. इल्या रेपिनचं एक प्रसिद्ध चित्र त्याने एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दाखवलं, दर वेळी प्रश्न वेगळा. या माणसांची वयं काय असतील असं विचारलं की नजर चेहऱ्यांवर घोटाळली. घरची सांपत्तिक स्थिती कशी असेल असं विचारलं की नजर कपड्यांवर, सामानावर फिरली. चित्र तेच, पाहणारा तोच, आणि नजरेची वाट मात्र दर वेळी निराळी. फोटो दाखवताना आपण काय करतो? ‘अरे, हा बघ, पहाटे चारला उठून गेलो होतो, धुकं असं होतं म्हणून सांगू...’ एवढं बोलून झालं की समोरच्याच्या डोळ्यांत आपली आठवण ओतून झाली. आता तोही धुकंच बघणार. उसना डोळा संपला.

एकमेकांच्या फोटोंवर बोलण्याची ही रीत मुंबईत दीडशेहून अधिक वर्षांची आहे. छायाचित्रणाची घोषणा जगापुढे झाली १८३९ साली. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून छायाचित्रांचं एक नियतकालिक काढलं. त्याच्या नावातच ते हौशी भारतीय छायाचित्रकाराचं असल्याचं म्हटलं होतं, आणि त्याच्या अंकांत अस्सल छायाचित्रं चिकटवलेली असत.

त्या काळच्या हौसेची कल्पना आज करवत नाही. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, आणि काच ओली असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, फोटो घेऊन धुवूनही टाकायची. थर वाळला की काच वाया. मुंबईच्या उकाड्यात तो किती भरभर वाळत असेल! बाहेर जायचं तर अंधारा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या सोबत न्यायच्या. असं असताना एकाने दुसऱ्याला आपली युक्ती सांगणं, काचेवर डाग का पडला हे मिळून शोधणं, हाच शिकण्याचा मार्ग होता. पुढे १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. आज गावोगावी रविवारी सकाळी जमणारे छोटे गट आहेत, त्यांची ही मोठी भावंडं.

अशा गटांत बसायला लागलं की आणखी एक गंमत कळते. तिथे सहज टाकलेल्या प्रत्येक शेऱ्यामागे निसर्गाचा एखादा नियम दडलेला असतो. शेरा देणाऱ्याला तो माहीत असतोच असं नाही.

‘म्हैस राखाडी आलीये.’ गावाकडच्या पाणवठ्यावरची काळीभोर म्हैस, फोटोत मात्र धुतलेल्या पाटीसारखी करडी, आणि तिच्या पाठीवरचा बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, एकही पीस दिसत नाही. बिचाऱ्या कॅमेऱ्याला म्हैस म्हणजे काय ते ठाऊक नसतं. समोर किती उजेड परतून येतोय एवढंच त्याला कळतं, आणि सरासरी जग मध्यम करडं असतं असं गृहीत धरून तो उजेड कमी-जास्त करतो. समोर सगळी म्हैसच असेल तर तो म्हणणार, ‘अंधार आहे’, आणि फोटो उजळ करणार. समोर सगळा बगळ्यांचा थवा असेल तर म्हणणार, ‘फार उजेड आहे’, आणि शुभ्र बगळे मळकट करणार. आताचे फोन दृश्य ओळखून बरीच दुरुस्ती करतात, तरी मूळ प्रश्न सुटलेला नाही, कारण काळी वस्तू उन्हात आहे की पांढरी वस्तू सावलीत, हे नुसत्या उजेडावरून सांगताच येत नाही. आपल्याला ते सांगता येतं, कारण आपण म्हशी पाहिलेल्या असतात. इथे आठवण कामाची! म्हशीसाठी उजेड मुद्दाम उतरवायचा, बगळ्यासाठी चढवायचा. कॅमेऱ्यावर त्यासाठी अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं. फोनवर बहुधा पडद्याला स्पर्श करून बोट वर-खाली सरकवलं की झालं. बगळा म्हशीवर बसला असेल तर बगळ्याची बाजू घ्यावी, म्हणजे उजेड उतरवावा. अंधारलेला भाग नंतर थोडा उजळता येतो; पांढऱ्यात एकदा तपशील उडाला की तो परत येत नाही.

‘नाक केवढं आलंय माझं!’ ही तक्रार तर घराघरात. बहुतेक जण फोनच्या भिंगाला दोष देतात. खरा हिशोब अंतराचा आहे. नाकाचं टोक आणि कान यांत समजा बारा सेंटिमीटरचं अंतर धरलं. फोन नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल, तर कान बेचाळीसवर पडतो, म्हणजे नाक कानाच्या तुलनेत ४० टक्के मोठं उमटणार. तोच फोन दीड मीटरवर नेला की ही तफावत ८ टक्क्यांवर येते. चेहरा तोच, पण आपण समोरच्याशी बोलताना ज्या अंतरावर असतो, तिथून तो ओळखीचा दिसतो. म्हणून दोन पावलं मागे जाऊन मग झूम करावं. कुठलंही भिंग लावा, चेहऱ्याची घडण ठरते ती तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

‘डोळ्यांखाली काजळ सांडलंय.’ हा मे महिन्यातल्या दुपारचा शेरा. सूर्य प्रचंड असला तरी आपल्या आभाळात तो फक्त अर्धा अंश रुंद दिसतो. असा छोटा दिवा डोक्यावर टांगला की भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि तिची कड सुरीने कापल्यासारखी येते. सावलीची कड किती मऊ, हे उजेड किती रुंद जागेतून येतो यावर ठरतं. पावसाळी ढग आले की सूर्याचा उजेड सगळ्या आभाळावर पसरतो. अर्ध्या अंशाचा दिवा क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा होतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे माणसांचे फोटो जे देखणे येतात ते यामुळे. उन्हाळ्यात हाच उजेड हवा असेल तर जुन्या घराची पडवी किंवा ओसरी शोधावी. वर छप्पर असतं, त्यामुळे डोक्यावरचं ऊन अडतं, आणि समोरच्या मोकळ्या आभाळाचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येतो. गालाचा एक भाग उजळ, दुसरा हळूहळू गडद होत जाणारा. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्या उजेडात जशा दिसतात, तशा दुसऱ्या कुठल्याच उजेडात दिसत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. तिला उठवून अंगणात, उन्हात उभं करू नका.

सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. त्या प्रवासात निळा उजेड बाजूला विखुरला जातो आणि उरतो तो केशरी. तो थोडाच वेळ टिकतो, तेव्हा आधीच जागेवर असावं.

आता दुसरी बाजू. शेरा बरोबर असूनही चुकीचा ठरू शकतो. ज्युलिया मार्गारेट कॅमरॉन या बाईंचा जन्म १८१५ साली कलकत्त्यातला. मुलगी आणि जावई यांनी १८६३ साली त्यांना कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांनी टेनिसन, डार्विन, हर्शेल यांची छायाचित्रं काढली, चेहरा चौकटभर घेऊन, किंचित अस्पष्ट ठेवून. काचेवर ओरखडे, डाग, बोटांचे ठसे तसेच. त्या काळच्या छायाचित्रणविषयक पत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली: फोकस नाही, सफाई नाही. प्रत्येक शेरा तांत्रिकदृष्ट्या खरा होता. आज त्या चित्रांपुढे उभं राहिलं की तो माणूस श्वास घेतोय असं वाटतं. जॉन हर्शेल हा थोर खगोलशास्त्रज्ञ त्यांचा जुना मित्र. छायाचित्र पक्कं करणारं हायपो हे रसायन त्याच्याच शोधातून आलेलं. त्याला लिहिलेल्या पत्रात बाईंनी विचारलं होतं की फोकस म्हणजे नेमका कुठला आणि तो बरोबर की चूक हे ठरवण्याचा हक्क कुणाला. टीकाकारांना त्यांच्या चित्रांत काय नाही ते दिसलं. काय आहे ते पाहायचं राहून गेलं.

म्हणून फोटोवर बोलायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी नजर कुठे गेली ते सांगावं, मग ती कुठे फिरली, कुठे अडली. चांगलं-वाईट नंतर. ‘डोळा आधी त्या लाल बादलीवर गेला’ हे वाक्य काढणाऱ्याच्या फार उपयोगाचं आहे, कारण त्यावर वाद घालता येत नाही. ती एका डोळ्याची साक्ष आहे. ‘छान!’ म्हटल्याने काढणारा सुखावतो, पण त्याला पुढच्या फोटोसाठी काहीच मिळत नाही. ‘मी असतो तर अमुक केलं असतं’ हे वाक्य शक्यतो टाळावं. फोटो त्याचा आहे.

आणि जवळ कुणी मित्र नसेल तर? फोटो उलटा करून बघा, डोकं खाली, पाय वर. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार फोटो उलटे धरून पाहत असे. उलट्या चित्रातला अर्थ मेंदूला सहज लागत नाही. १९८० साली पीटर टॉम्सन या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे चिकटवले. सगळा फोटो उलटा धरला तर चेहरा ठीकठाक वाटतो. सुलटा केला की दचकायला होतं. उलट्या चेहऱ्यात मेंदूला माणूस नीट वाचता येत नाही, तसंच उलट्या फोटोत त्याला भाची, वारी, गाव यांपैकी काही चटकन वाचता येत नाही. उरतात फक्त आकार आणि रंग, आणि कोपऱ्यातली निळी ताडपत्री ताबडतोब ओरडायला लागते.

तरीही उलटा फोटो ही तात्पुरती सोय. गट शोधा, नसेल तर तीन-चार जणांचा जमवा. पुढच्या वेळी फोटो दाखवाल तेव्हा तो कुठे काढला, कसा काढला, किती वाट पाहिली यातलं काहीही आधी सांगू नका. समोरच्याच्या हातात द्या, निदान अर्धा मिनिट गप्प राहा, आणि मग एवढंच विचारा: ‘नजर आधी कुठे गेली?’